हवा कोण करतं आणि तिचं बिल कोण भरतं

प्रश्न असा आहे: निवडणूक जवळ आली की सगळीकडे एकच विषय, एकच वाक्य, एकच व्हिडिओ दिसायला लागतो. नेते लोकांचं मत नेमकं कसं फिरवतात, त्यातलं कायद्यात बसणारं किती, आणि साध्या मतदाराला ते ओळखता कसं येईल? उत्तर महाराष्ट्रापुरतं देतो, कारण इथली ताजी उदाहरणं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलेली आहेत.

आधी गणित. २०२४ च्या विधानसभेला राज्यात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार, २८८ जागा आणि एक लाखाहून जास्त मतदान केंद्रं होती. म्हणजे एका मतदारसंघात सरासरी ३ लाख ३७ हजार मतदार आणि साडेतीनशेच्या आसपास बूथ. ६६ टक्के मतदान धरलं तर सव्वादोन लाख मतं. यातले बहुसंख्य लोक जात, पक्ष, गावकी-भावकी आणि मागच्या पाच वर्षांचा अनुभव यांवर आधीच ठरलेले असतात. प्रचार चालवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून समोरच्याचा कट्टर मतदार ओढून आणण्यात कुणी पैसा घालत नाही. पैसा तीन कामांवर जातो. आपला माणूस घराबाहेर काढायचा, समोरच्याचा माणूस उदास होऊन घरी बसेल असं बघायचं, आणि गावात चर्चा कशाची व्हावी हे आपण ठरवायचं. चर्चा कांद्याच्या भावावर झाली तर एकाचा फायदा, देशाच्या सुरक्षेवर झाली तर दुसऱ्याचा. ‘हवा करणं’ म्हणतात ते मुख्यतः हे तिसरं काम, आणि ते भाषणात दिसत नाही. ते तारखांत आणि बिलांत दिसतं. त्यामुळे पुढचं सगळं या दोनच गोष्टींबद्दल आहे.

तारखा

आचारसंहिता लागण्याआधीचे तीन-चार महिने हा प्रचाराचा खरा हंगाम. त्या काळात सरकारी तिजोरीतून केलेली जाहिरात कुठल्याच उमेदवाराच्या खर्चात धरली जात नाही. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचं वेळापत्रक बघा. लोकसभेला राज्यात महायुतीला ४८ पैकी १७ जागा मिळाल्या, निकाल ४ जूनला लागला. २८ जूनला अर्थसंकल्पात योजना जाहीर झाली: २१ ते ६० वयोगट (पुढे तो ६५ पर्यंत वाढवला), कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, महिन्याला १,५०० रुपये. रक्षाबंधनाच्या आधी, ऑगस्टच्या मध्याला, पहिले पैसे खात्यात. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे हप्ते आचारसंहितेपूर्वीच एकत्र जमा झाले. १५ ऑक्टोबरला आचारसंहिता, २० नोव्हेंबरला मतदान. मतदानाच्या दिवसापर्यंत पाच हप्ते, ७,५०० रुपये, आलेले होते.

प्रचारात महायुतीने २,१०० रुपयांचं आश्वासन दिलं. मग समोरून महाविकास आघाडीने ३,००० चं दिलं. कागदावर ३,००० मोठे. पण एका बाजूला जाहीरनामा होता आणि दुसऱ्या बाजूला मोबाइलमध्ये बँकेचा मेसेज: अमुक तारखेला रुपये जमा, शिल्लक इतकी. हा मेसेज बाई शेजारणीला दाखवते, सासूला दाखवते, ‘तुझा आला का गं?’ म्हणून विचारते. त्यावर पक्षाचं चिन्ह नसतं, छापणाऱ्याचं नाव नसतं, तो प्रचारसाहित्य म्हणून मोजला जात नाही. इतकं परिणामकारक पत्रक कुठल्याच छापखान्यात निघत नाही. योजना चांगली की वाईट हा वेगळा वाद. इथे मुद्दा फक्त क्रमाचा आहे. नाव ‘लाडकी बहीण’, पहिला हप्ता रक्षाबंधनाला, शेवटचा दिवाळीआधी. हे जुळून आलेलं नाही, जुळवलेलं आहे. सत्तेत असलेला कुठलाही पक्ष हेच करतो. मध्य प्रदेशात २०२३ मध्ये ‘लाडली बहना’ होतीच. महाराष्ट्रात २०२४ मध्येच ‘योजनादूत’ जाहीर झाले: ५० हजार तरुण, महिना १० हजार रुपये, काम सरकारी योजना घरोघरी सांगण्याचं.

सरकारी जाहिरातींवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५ मध्ये बंधन घातलं होतं. फोटो फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीशांचा छापायचा. मार्च २०१६ मध्ये पुनर्विचारात राज्यपाल, मुख्यमंत्री आणि मंत्र्यांना सूट मिळाली, आणि बंधन जवळजवळ कागदापुरतं उरलं. महाराष्ट्रात हे काम माहिती व जनसंपर्क महासंचालनालय करतं, ‘लोकराज्य’ मासिक तिथलंच. कुठल्या मोहिमेला किती रक्कम मंजूर झाली हे शासन निर्णयात येतं आणि ते निर्णय सरकारी संकेतस्थळावर कुणालाही उतरवून घेता येतात. मार्च २०२५ मध्ये सरकारबद्दलच्या बातम्या गोळा करून सकारात्मक-नकारात्मक अशी वर्गवारी करण्यासाठी माध्यम देखरेख केंद्राला १० कोटी रुपये मंजूर झाले, तेही अशाच निर्णयातून कळलं. शोधताना विभाग ‘सामान्य प्रशासन’ निवडा आणि ‘प्रसिद्धी’ हा शब्द टाका. पाच मिनिटांचं काम आहे, पण कुणी करत नाही.

वेळ चुकली की काय होतं त्याचं उदाहरण नाशिकचं. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली. उन्हाळ कांदा बाजारात येऊन पडला तरी बंदी कायम. ४ मे २०२४ ला ती उठली, तीही ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलरची किमान किंमत लावून. दिंडोरी आणि नाशिकचं मतदान २० मे रोजी. सोळा दिवसांत मार्केट यार्डातला राग उतरत नाही. दोन्ही जागा महाविकास आघाडीकडे गेल्या. ज्या गोष्टीचा हिशेब माणसाच्या खिशात असतो, तिथे जाहिरात चालत नाही. तिथे निर्णय लागतो आणि तो किमान एका हंगामाआधी लागतो. याला अपवादही आहे. त्याच वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात त्याच्या खाली विक्री चालली होती, आणि तरीही विधानसभेला विदर्भ-मराठवाड्यात महायुतीने मोठं यश मिळवलं. म्हणजे एका खिशातून गेलेलं दुसऱ्या खिशात आलं की राग बोथट होतो, निदान तेवढ्यापुरता.

घोषणा कुठे उलटते

घोषणेची परीक्षा सोपी आहे: विरोधक तिच्यापुढे एक प्रश्न जोडू शकतो का? २०२४ च्या लोकसभेतलं ‘अब की बार चारसौ पार’ आठवा. आकडा ऐकला की माणूस विचारतो, चारशे कशाला? सत्तेला तर २७२ पुरतात. त्यात भाजपच्याच कर्नाटकातल्या एका खासदाराने राज्यघटनेतल्या बदलांसाठी मोठं बहुमत हवं असं जाहीरपणे सांगितलं. विरोधकांना उत्तर आयतं मिळालं: संविधान बदलायला. महाराष्ट्रात दलित वस्त्यांत हे इतकं खोल गेलं, कारण तिथे संविधान म्हणजे बाबासाहेब. हा विषय नेत्यांच्या व्यासपीठापेक्षा वस्तीतल्या विहारात, जयंती मंडळांत, घरगुती बोलण्यात जास्त फिरला. त्यावर ‘हे फेक नॅरेटिव्ह आहे’ असं सत्ताधारी सांगत राहिले, पण खुलासा करायचा तर आधी आरोप उच्चारावा लागतो, आणि ज्यांनी तो ऐकला नव्हता त्यांनाही तो ऐकू जातो. एक मात्र झालं, ‘नॅरेटिव्ह’ हा शब्द चहाच्या टपरीवर पोहोचला.

२००४ च्या ‘इंडिया शायनिंग’चं दुखणं याच जातीचं. आपलं घर चमकत नसलेल्या माणसाला देश चमकतोय असं सांगितलं, की त्याला आपण मोजणीतच नाही असं वाटतं.

गर्दी आणि मतं यांचा संबंध मात्र फार सैल असतो. एप्रिल २०१९ मध्ये राज ठाकरे यांनी ‘लाव रे तो व्हिडिओ’ ही पद्धत आणली. व्यासपीठावर मोठा पडदा, सरकारच्या जाहिरातीतला तुकडा, आणि लगेच त्याला छेद देणारं दुसरं चित्रण. मेळघाटातल्या हरिसाल या ‘डिजिटल गावा’चा भाग सर्वाधिक गाजला, कारण जाहिरातीत झळकलेला तरुणच त्यांनी समोर आणला. तंत्र म्हणून ते नमुनेदार होतं: आरोप मी करत नाही, तुमचीच जाहिरात बोलते. मैदानं भरली, वाहिन्यांनी सभा थेट दाखवल्या. निकालात युतीला ४८ पैकी ४१ जागा. त्यांचा पक्ष स्वतः एकही जागा लढवत नव्हता. बटण दाबायला चिन्हच नव्हतं, बूथवर माणूस नव्हता. सभेतून मिळतो तो विषय, मत बूथवरचा माणूस गोळा करतो. (या सभांचा खर्च कुणाच्या खात्यात धरायचा हा प्रश्नही तेव्हा उठला होता. उमेदवारच नाही, तर खातं कुणाचं?)

याच्या उलट साताऱ्याचा पाऊस. १८ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रचार संपणार, सोमवारी मतदान. शरद पवार भर पावसात बोलले आणि लोकसभेचा उमेदवार निवडताना आपली चूक झाली अशी कबुली दिली. ते चित्र शनिवारभर प्रत्येक वाहिनीवर बातमी म्हणून फिरलं, म्हणजे फुकट. प्रतिस्पर्ध्याला उत्तर द्यायला एक दिवससुद्धा उरला नव्हता. शिवाय जिल्हा पक्षाचा बालेकिल्ला, बूथवर माणसं तयार. पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटील जिंकले. नुसत्या पावसाने निवडणूक जिंकली असं सांगणारे भाबडे. पण तोच पाऊस दहा दिवस आधी पडला असता तर त्याची किंमत निम्मीही राहिली नसती.

मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे शांततेचे असतात. जाहीर सभा नाही, टीव्हीवर निवडणुकीचा मजकूर नाही. फट इथे आहे: लोकसभेचं मतदान टप्प्याटप्प्याने होतं, त्यामुळे आज तुमच्याकडे मतदान चालू असताना पुढच्या टप्प्यातल्या जिल्ह्यात मोठ्या नेत्याची सभा कायदेशीरपणे चालू असते आणि ती तुम्ही घरी बसून बघता. दुसरी फट वृत्तपत्रांची. कलम १२६ त्यांना लागू नाही. म्हणून मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशीच्या छापील जाहिरातीला माध्यम प्रमाणन समितीची पूर्वमंजुरी आयोगाने बंधनकारक केली आहे.

बिलं

मोठ्या राज्यांत विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख ही खर्चमर्यादा २०२२ पासून आहे. पक्षाला मर्यादाच नाही. सगळी कसरत या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत होते. मान्यताप्राप्त पक्षाचे ४० स्टार प्रचारक असतात. त्यांचा प्रवासखर्च पक्षाच्या खात्यात. पण उमेदवार त्या व्यासपीठावर बसला किंवा मंडपात त्याचे फलक लागले, तर सभेचा खर्च त्याच्या अंगावर येतो. म्हणून काही मोठ्या सभांत उमेदवार खाली पहिल्या रांगेत दिसतो आणि फलकांवर फक्त चिन्ह असतं.

सभेत आयोगाचं चित्रीकरण पथक फिरत असतं. ते खुर्च्या, गाड्या, मंडपाची लांबी-रुंदी, स्पीकर टिपतं. जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याने आधीच दरपत्रक काढलेलं असतं, त्यात चहा, वडापाव, फेटा, हार, खुर्चीचं भाडं, सगळ्याचे दर असतात. त्या दराने केलेला हिशेब छाया नोंदवहीत जातो आणि उमेदवाराने दाखवलेल्या खर्चाशी ताडला जातो. गोम अशी की पथक दिसतं ते मोजतं. रात्रीची घोंगडी बैठक, बचत गटाचं हळदीकुंकू, मंडळाला दिलेली वर्गणी ही मोजणीत येत नाही, कारण तिथे पक्षाचा झेंडा नसतो.

पेड न्यूज, म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, ओळखायची तर बातमीत जे नाही ते शोधा. टीका नाही, दुसऱ्या बाजूचं म्हणणं नाही, आकड्याला आधार नाही, ‘प्रचंड प्रतिसाद’ मात्र आहे. त्याच पानावर शेजारी प्रतिस्पर्ध्याचाही ‘प्रचंड प्रतिसाद’ असेल तर उलगडा झालाच, एकाच मतदारसंघातून दोघेही प्रचंड मतांनी निवडून येत आहेत. मग बातमीतलं एक सलग वाक्य उचलून शोधयंत्रात टाका. २००९ च्या निवडणुकीत महाराष्ट्रातलं सर्वात गाजलेलं प्रकरण असंच उघडकीला आलं. अशोक चव्हाण यांच्यावरचा तोच मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या वृत्तपत्रांत वेगवेगळ्या नावांखाली सापडला, आणि त्यांच्या भोकर मतदारसंघातल्या खर्चाच्या हिशेबात वृत्तपत्र जाहिरातींसाठी ५,३७९ रुपये दाखवलेले होते. पैसे देऊन छापल्याचा त्यांनी इन्कार केला. आयोगाने २०१४ मध्ये त्यांच्याविरुद्ध दिलेला आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. उलट उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव २०११ मध्ये याच कारणाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरल्या. धडा एवढाच की मजकूर सारखा आहे हे दाखवणं सोपं, पैसे दिले हे दाखवणं अवघड. व्यवहार रोखीत असतो.

तक्रार करायची तर घड्याळ सांभाळा. छापून आल्यापासून ९६ तासांच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने उमेदवाराला नोटीस काढायची असते, उमेदवाराला उत्तरासाठी ४८ तास. तुम्ही आठवड्याने कात्रण घेऊन गेलात तर उपयोग नाही. कात्रणावर वृत्तपत्राचं नाव, आवृत्ती, तारीख आणि पान क्रमांक हवा. नुसता मोबाइलने काढलेला तुकडा समिती बाजूला ठेवते.

फोनमधला प्रचार

मतदारयादीत नाव, वय, लिंग, घर क्रमांक असतो, फोन नंबर नसतो. तो बचत गट, सोसायटी, वर्गणीची वही, शाळेचे गट अशा ठिकाणांहून जुळवला जातो. यादीच्या एका पानावर साधारण ३० नावं, त्या पानाचा एक माणूस, बूथचा एक व्हॉट्सॲप गट. त्या गटात राजकारण दहा टक्के असतं. बाकी पाण्याची वेळ, दशक्रियेची सूचना, वाढदिवस. विश्वास यातून तयार होतो आणि शेवटच्या आठवड्यात वापरला जातो.

पाच वा अधिक वेळा पुढे गेलेल्या मेसेजवर दोन बाणांची खूण येते आणि एप्रिल २०२० पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. यंत्रणा याला सहज बगल देते: व्हिडिओ उतरवून नव्याने चढवला की मोजणी शून्यापासून. त्यामुळे बाण नाहीत म्हणून मजकूर ओळखीच्या माणसाचाच, असं समजू नका. एकच ओळ, त्याच शुद्धलेखनाच्या चुकांसकट, तीन असंबंधित गटांत अर्ध्या तासात आली तर ती एकाच टेबलावरून निघाली आहे.

फेसबुक-इन्स्टाग्रामवर मेटाची जाहिरात लायब्ररी खुली आहे. देश भारत, प्रकार राजकीय आणि सामाजिक विषय असा निवडा, नेत्याचं किंवा गावाचं नाव टाका. जाहिरातीचे पैसे कुणी दिले, अंदाजे किती, कुठल्या वयाच्या आणि कुठल्या राज्यातल्या लोकांना ती दिसली, हे सगळं दिसतं. पक्षाचं अधिकृत पान बघून थांबू नका, तिथे सभ्य मजकूर असतो. जहरी मजकूर बेनामी पानांवर असतो. त्या पानाच्या माहितीत जुनी नावं दिसतात. कालपर्यंत विनोदाचं किंवा भक्तिगीतांचं असलेलं पान निवडणुकीच्या तोंडावर ‘जनतेचा आवाज’ झालं असेल, तर तो तयार प्रेक्षकवर्ग विकत घेतलेला असण्याची दाट शक्यता आहे. उमेदवाराने आपली समाजमाध्यम खाती शपथपत्रात द्यायची असतात, आणि तिथला खर्च ४० लाखांतच धरला जातो. बेनामी पानाचा धरला जात नाही.

सर्वेक्षणांबद्दल थोडक्यात. यादृच्छिक निवडलेल्या १,००० लोकांच्या पाहणीत साधारण ३ टक्के इकडेतिकडे होतं, ४०० लोकांत ५ टक्के. २०२४ च्या लोकसभेला राज्यात दोन्ही आघाड्यांच्या मतांत एक टक्क्याहूनही कमी फरक होता आणि जागा मात्र ३० विरुद्ध १७. एवढा बारीक फरक कुठलंच सर्वेक्षण पकडू शकत नाही, त्यामुळे जागांचा आकडा हा बहुतेक वेळा अंदाजावरचा अंदाज असतो. ‘आमच्या अंतर्गत सर्व्हेत’ म्हणून सूत्रांकडून येणारा आकडा तर तिकिटासाठी दबाव टाकायला किंवा बंडखोराला बसवायला सोडलेला असतो.

फ्लेक्सचं वाचनही करता येतं. मजकूर सोडा, फोटोंची उतरंड बघा: वरच्या पट्टीत कोण, कुणाचा फोटो गेल्या वर्षी होता आणि यंदा नाही, ‘शुभेच्छुक’ कोण. पैसे खालच्या ओळीतल्या माणसाने दिलेले असतात. निवडणुकीच्या पत्रकावर आणि पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता कलम १२७-अ प्रमाणे सक्तीचा आहे. नसेल तर निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारीच्या ॲपवर जागेवरूनच फोटो टाका. त्यावर १०० मिनिटांत कारवाईचं बंधन आहे. ॲप स्थान आपोआप घेतं, घरी येऊन गॅलरीतला जुना फोटो चढवता येत नाही.

निकालानंतर ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो, आणि एक रुपया शुल्क भरून तो कुणालाही बघता येतो. सभेचा तुम्ही काढलेला फोटो, फ्लेक्सची संख्या, जाहिरात लायब्ररीतला आकडा त्या कागदाशी लावून बघा. तफावत सापडली आणि न्यायालयात जायचं ठरलं, तर निवडणूक याचिकेची मुदत निकालापासून ४५ दिवस. २०२४ च्या विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबरचा, हिशेबाची शेवटची तारीख २३ डिसेंबर, याचिकेची ७ जानेवारी. हिशेब मुदतीच्या शेवटच्या दिवशी आला तर हातात राहतात पंधरा दिवस, त्यात नाताळच्या सुट्ट्या.